ग्वांगजूला बायको-मुलीला घेऊन जावं का? कोरियात राहणाऱ्यांनी सांगा

पायवाट · ९ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर पीएचडी झाली आणि ग्वांगजूच्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठात दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नेमणूक) मिळाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचंय. आमच्या डिपार्टमेंटमधून कोरियाला जाणं काही नवीन नाही, माझ्या आधीचे सात-आठजण तिकडेच आहेत. पण ते गेले तेव्हा सगळे सडेफटिंग होते. माझ्याबरोबर बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी आहे.

अडचण अशी की सासरे (आम्ही मामा म्हणतो) अजिबात तयार नाहीत. २०२४च्या डिसेंबरात टीव्हीवर त्यांनी सैनिक संसदेच्या खिडक्या फोडून आत घुसताना पाहिले. शिवाय वर उत्तर कोरिया. "तू एकटा जा, पोरीला त्या वणव्यात नेऊ नको," म्हणतात. मी समजूत घालायला जातो, पण मला स्वतःलाच नीट माहीत नाही तर काय सांगणार?

तर तिथे राहणाऱ्यांनी सांगा, रोजच्या जगण्यात भीती वाटते का? आणि कशाची वाटते? यूट्यूबवरचं नको, तुमचं स्वतःचं हवंय.

दुपारची_झोप · ९ सप्टेंबर, रात्री १०:४०

वाचतेय. माझा भाऊ जानेवारीत चांगवॉनला चाललाय, आमच्या आईचेही हेच प्रश्न आहेत.

माई_सुवोन · १० सप्टेंबर, सकाळी ७:०५

पायवाट, अभिनंदन! मला सुवोनमध्ये सोळा वर्षं झाली. दोन्ही मुलं इथेच जन्मली, वाढली.

भीतीचं म्हणाल तर एक दिवस सांगते. २३ नोव्हेंबर २०१०. उत्तर कोरियाने यॉनप्यॉन्ग बेटावर तोफा डागल्या, दोन मरीन सैनिक आणि दोन नागरिक गेले. मी तेव्हा शेजारच्या हालमोनीकडे (आजीला इथे हालमोनी म्हणतात) किमची घालायला बसले होते. नोव्हेंबर म्हणजे किमजांगचा हंगाम, हिवाळाभराची किमची (मसाला भरून आंबवलेला कोबी) एकदम घालतात. टीव्हीवर बेटावरून धुराचे लोट उठताना दिसले तशी माझे हातपाय गार पडले. हालमोनीने लाल रबरी हातमोज्यांतले हात न थांबवता टीव्हीकडे पाहिलं, आणि परत पानापानात मसाला भरायला लागली. मी म्हटलं, आता काय होणार? तर म्हणाली, "कोबी मिठातून काढलाय, आता थांबता येत नाही."

तेव्हा मला ती फार निबर वाटली होती. पुढे कधीतरी कळलं की १९५०च्या हिवाळ्यात आईच्या पाठुंगळीला बांधलेली ती उत्तरेकडून चालत आली होती आणि तिचा मोठा भाऊ वाटेत चुकला तो कायमचाच. १९८३ साली टीव्हीवर ताटातूट झालेल्या नातेवाइकांचा शोध घेणारा कार्यक्रम लागला होता. तो १३८ दिवस चालला आणि दहा हजारांवर कुटुंबं भेटली. हीसुद्धा पुठ्ठ्यावर भावाचं नाव लिहून तिथे जाऊन उभी राहिली होती. नाही सापडला.

त्यामुळे "कोरियन लोकांना भीतीच वाटत नाही" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. भीती आहे, ती पोटात ठेवून कामं करायची सवय आहे.

अनुस्वार · १० सप्टेंबर, दुपारी १२:३३

माई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

मी सोलमध्ये शिकते. ३१ मे २०२३, सकाळी पावणेसातच्या सुमाराला फोन असा काही किंचाळला की मी पलंगावरून खालीच आले. सोल महापालिकेचा संदेश: नागरिकांनी स्थलांतराची तयारी करावी, मुलांना आणि वृद्धांना आधी बाहेर काढावं. कशासाठी, कुठे जायचं, एक अक्षर नाही. बाहेर भोंगे. माझ्या शेजारची व्हिएतनामी मुलगी पासपोर्ट छातीशी धरून जिन्यात उभी, तिला कोरियन वाचता येत नव्हतं. वीसेक मिनिटांनी दुसरा संदेश आला की पहिला चुकून गेला. उत्तर कोरियाने उपग्रह सोडायचा प्रयत्न केला होता, तो समुद्रात पडला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते की आधी "तेपीसो" हा शब्द ओळखायला शिका. तेपीसो म्हणजे आसरा घ्यायची जागा. मेट्रोची स्टेशनं, मोठ्या इमारतींची तळघरं यांवर पाटी असते. 'इमर्जन्सी रेडी' हे सरकारी ॲप इंग्रजीत आहे, ते विमानतळावरच उतरवून घ्या. ऑगस्टमध्ये दुपारी दोनला सरावाचा भोंगा होतो, गाड्या कडेला थांबतात. तो ऐकून घाबरू नका.

गडकोट · १० सप्टेंबर, रात्री ८:५०

मी तिथे राहिलेलो नाही, पण चोवीस वर्षं फौजेत काढली म्हणून लिहितो. वरच्या दोन्ही ताईंचा आदर राखून सांगतो, लोक शांत आहेत याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. २७ जुलै १९५३ला झाला तो युद्धविराम. शांतता करार आजतागायत नाही. मधला निर्लष्करी पट्टा ४ किलोमीटर रुंद, आणि सोल सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आत. रॉकेट सोडा, लांब पल्ल्याच्या तोफांच्याही टप्प्यात येतं. २०१०च्याच मार्चमध्ये चॉनान ही युद्धनौका बुडून ४६ नौसैनिक गेले. याला वणवा म्हणणारे मामा अगदीच चूक नाहीत.

पण ग्वांगजू नैर्ऋत्य टोकाला आहे, सीमेपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. देशात अमेरिकेचे साडेअठ्ठावीस हजार सैनिक बसलेत आणि दक्षिण कोरियाची स्वतःची फौज तगडी आहे. मी तुमच्या जागी असतो तर नेलं असतं, फक्त कागदपत्रांची एक पिशवी दाराशी तयार ठेवली असती आणि दूतावासात नाव नोंदवलं असतं.

चकली · १० सप्टेंबर, रात्री ९:१५

गडकोट काका, अनुमोदन.

दुपारची_झोप, मी चांगवॉनलाच आहे, भावाला माझा निरोप द्या. आपल्या सैन्याकडे 'के-९ वज्र' तोफा आहेत ना, त्यांची मूळ जात इथली. आमच्या कंपनीतला प्रत्येक पुरुष सैन्यात जाऊन आलेला. पायदळाचे १८ महिने, नौदलाचे २०, हवाईदलाचे २१. जेवणाच्या टेबलावर नवा माणूस बसला की दहाव्या मिनिटाला "तू कुठल्या तुकडीत होतास" सुरू. मला विचारलं तेव्हा एनसीसीची दोन वर्षं सांगितली, तर टाळ्या वाजवून मला त्यांच्यात घेतलं.

सुटल्यावरही सुटका नाही. पुढची आठ वर्षं नाव राखीव दलात (येबिगुन) आणि त्यातली बरीच वर्षं सरावाला बोलावणं. ऐन डेडलाइनला आमचा डिझाइनवाला गणवेश चढवून जातो आणि त्याला कुणी अडवू शकत नाही.

पायवाट, तुमच्या लॅबमध्ये एक प्रकार दिसेल. विज्ञानात पीएचडी करणाऱ्या काही मुलांना सैन्याऐवजी तीन वर्षं संशोधनाची सेवा करता येते. तो मुलगा लॅबमध्ये दिसतो, पण कागदोपत्री तो देशसेवेवर असतो. त्याला "चल, दोन दिवस फिरायला जाऊ" म्हणताना हे लक्षात ठेवा. त्याच्या रजेचे नियम वेगळे असतात.

रानजाई · ११ सप्टेंबर, रात्री १:२०

पायवाट, मी ग्वांगजूला सहा वर्षं आहे. तुमच्याच विद्यापीठाच्या मागच्या दाराजवळ राहते. तुम्ही "कशाची वाटते" असं विचारलंत म्हणून झोप सोडून लिहितेय.

३ डिसेंबर २०२४. रात्री साडेदहाच्या सुमाराला राष्ट्राध्यक्ष युन सोक-यॉल यांनी टीव्हीवर लष्करी कायदा पुकारला. माझ्या फोनवर एकही इशारा आला नाही. उत्तर कोरियाने कचऱ्याचे फुगे सोडले तरी सोलमधल्या मैत्रिणींचे फोन वाजायचे, आणि या रात्री काही नाही. मला "ग्येऑम" (लष्करी कायदा) या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. नवरा सोलला गेलेला, मी आणि पाच वर्षांचा मुलगा.

अकराच्या पुढे दारावर थाप पडली. बाहेर समोरच्या फ्लॅटमधली हालमोनी, कापसाची जाड रजई छातीशी धरून. सत्तरीची बाई, रजई तिच्याहून मोठी. एरवी आमचं बोलणं लिफ्टपुरतं. ती आत आली, खोलीतला दिवा घालवला आणि ती रजई खिडकीवर टांगायला लागली. पडद्याच्या दांडीवर टाकली, ती घसरली, मग आम्ही दोघींनी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पकडून ठेवली. मला वाटलं, थंडीसाठी. मी म्हटलं, हीटर चालू आहे. ती म्हणाली, "गोळी कापसात अडकते."

१९८०च्या मे महिन्यात ती पंचविशीत होती, यांगदोंग बाजारात आईबरोबर भाजी विकायची. १७ मेच्या रात्री लष्करी कायदा देशभर लागू झाला, १८ला सकाळी आपल्याच विद्यापीठाच्या फाटकावर विद्यार्थी आणि छत्रीसैनिक समोरासमोर आले आणि तिथून सगळं पेटलं. २१ तारखेला प्रांत कार्यालयासमोर गर्दीवर गोळीबार झाला. मग सैन्य शहराबाहेर गेलं आणि काही दिवस लोकांनी शहर स्वतः चालवलं. बाजारातल्या बायका भाताचे मुटके (जुमोकपाप) करून पोरांच्या ट्रकवर चढवायच्या. हालमोनी सांगते, मीठ आणि तीळ, दुसरं काही नव्हतं. २७च्या पहाटे रणगाडे परत आले. रात्रभर घरोघरी खिडक्यांना रजया होत्या.

ती त्या रात्री माझ्या मुलाच्या उशाशी बसून राहिली. मी फोनवर सोलची दृश्यं पाहत होते: खासदार कुंपणावरून उड्या मारून आत जात होते, लोक सैनिकांच्या गाड्यांपुढे उभे होते. एक वाजता १९० विरुद्ध ० मतांनी संसदेने लष्करी कायदा उठवा असा ठराव केला. मी तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, "सैनिक परत गेले का, ते सांग." साडेचारला सरकारने माघार घेतल्याची बातमी आली, तेव्हा ती उठली. रजई नेली नाही. तीन दिवस तशीच होती.

तर पायवाट, माझं उत्तर हे. उत्तर कोरियाचं या शहरात कुणी फारसं बोलत नाही. इथल्या माणसांना भीती वाटली ती आपल्याच गणवेशाची. आणि ती वाटते म्हणूनच त्या रात्री इतके लोक थंडीत घराबाहेर पडले, असं मला मनापासून वाटतं.

दुपारची_झोप · ११ सप्टेंबर, सकाळी ८:०२

रानजाई ताई, शब्द नाहीत.

माई_सुवोन · ११ सप्टेंबर, सकाळी ९:३०

रानजाई, "गोळी कापसात अडकते" हे मी दिवसभर विसरणार नाही.

एक जोडते. इथे इतिहासाला तारखांची नावं आहेत. कोरियन युद्ध म्हणजे "युग-ई-ओ", सहा-दोन-पाच, २५ जून. ग्वांगजू म्हणजे "ओ-इल-फाल", पाच-एक-आठ. मुलांच्या शाळेच्या दिनदर्शिकेवर नुसते आकडे असतात. पहिली काही वर्षं मला वाटायचं गणिताच्या परीक्षा आहेत :)

टेकडी · ११ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४४

मी तेगूला नऊ वर्षं आहे. रानजाईंचा अनुभव हेलावणारा आहे, पण धागा एकाच बाजूने चाललाय म्हणून लिहितो.

माझ्या प्राध्यापकांचे वडील नव्वदीला टेकलेत. त्यांच्या भिंतीवर जुना राष्ट्राध्यक्ष जनरल पार्क चुंग-हीचा फोटो आहे. तोही बंड करूनच सत्तेवर आला, १६ मे १९६१. पण म्हाताऱ्याला विचारा, तो "पोरितगोगे" सांगेल. गेल्या सालचा तांदूळ संपलेला, जव अजून कापणीला आलेले नाहीत, असे वसंतातले उपाशी आठवडे. झाडाची साल उकळून खाल्लीय त्याने. मग तीन लाखांवर कोरियन सैनिक व्हिएतनामला गेले, नर्सा आणि खाणकामगार पश्चिम जर्मनीला गेले, त्या पैशाने रस्त्यांना हातभार लागला, जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशावर पोहांगची पोलाद गिरणी झाली. त्याच्या लेखी लष्कराने देशाला जेवू घातलं. २०२४-२५च्या हिवाळ्यात युनच्या बाजूने झेंडे घेऊन उभे राहिलेल्यांत अशी माणसं बरीच होती. ती सगळी दुष्ट नाहीत.

आपण पाहुणे आहोत. राहतो त्या शहराची बाजू आपली होऊन जाते, हे लक्षात ठेवावं.

रानजाई · ११ सप्टेंबर, रात्री १०:५५

टेकडी, आजोबांच्या भुकेबद्दल मला आदर आहे, खरंच. पण भूक भागवली म्हणून १९८० माफ होत नाही. १९८०ला इथे सैन्य घालणाऱ्या जनरल चुन डू-ह्वानला १९९७ला जन्मठेप कायम झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात माफी मिळाली, आणि २०२१ला माफी न मागताच तो गेला. २०२३च्या मार्चअखेर त्याचा नातू इथे आला, थडग्यांपुढे गुडघे टेकले आणि अंगातला कोट काढून त्याने एकेक दगड पुसला. आमच्या हालमोनीने तो कार्यक्रम उभ्याने पाहिला. ती म्हणाली, "पोर आहे, त्याचा काय दोष." एवढंच बोलली.

आणि पाहुणे म्हणाल तर १९८०ला इथे पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतले काही तरुण होते, एक जर्मन कॅमेरामन टॅक्सीतून आत आला होता. देशातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं ते अशा पाहुण्यांमुळे.

टेकडी · ११ सप्टेंबर, रात्री ११:२०

हे मान्य. पुढच्या मेमध्ये ग्वांगजूला येईन म्हणतो. नऊ वर्षांत एकदाही आलो नाही, हे खरं.

अनुस्वार · १२ सप्टेंबर, सकाळी १०:१०

१४ डिसेंबर २०२४ला युनवरच्या महाभियोगाच्या मतदानाला मी यॉइदोला (सोलमध्ये संसद आहे तो भाग) गेले होते. पोरींच्या हातात मेणबत्त्यांऐवजी आवडत्या गायकांच्या लाइट-स्टिक. आसपासच्या कॅफेंत कुणीतरी आधीच पैसे भरून ठेवलेले, आपण फक्त नाव सांगून गरम कॉफी घ्यायची. २०४ मतं पडली तेव्हा शेजारच्या अनोळखी काकूंनी मला मिठी मारली.

माई_सुवोन · १२ सप्टेंबर, सकाळी ११:००

अगं अनुस्वार, मोठ्या बहिणीच्या नात्याने रागावते. इथल्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात, १७व्या कलमात, परदेशी माणसाला राजकीय हालचाली करायला मनाई आहे. पाहायला गेलीस ते ठीक, पण हातात फलक धरू नकोस. व्हिसा तुझा एकटीचा आहे, तुझ्यामागे आईबाबांनी काढलेलं कर्ज आहे.

मत द्यायचंच असेल तर त्याला वाट आहे. कायम वास्तव्याचा व्हिसा मिळून तीन वर्षं झाली की स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, २००६पासून. मी दिलंय. शिक्का मारताना हात थरथरला माझा.

अनुस्वार · १२ सप्टेंबर, सकाळी ११:२५

फलक नव्हता ताई, फक्त कॉफी होती. पण लक्षात ठेवते.

गडकोट · १२ सप्टेंबर, रात्री ९:०५

थोडं अवांतर, पण पायवाट कोल्हापूरकडचे म्हणून राहवत नाही. मामांना विचारा, जनरल थोरात ठाऊक आहेत का? शंकरराव थोरात, वडगावचे. १९५३ला युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून जास्त कैदी होते. त्यांना सांभाळायला भारताने फौज पाठवली, तिचे प्रमुख थोरात. कैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या.

राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी हट्ट धरला की भारतीय सैनिकाचा पाय दक्षिण कोरियाच्या मातीला लागता कामा नये. मग इंचॉनला बोटीने आलेल्या आपल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरला तारेच्या कुंपणाआड धरून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणलं. शेवटी ८८ कैदी ना उत्तरेला गेले ना दक्षिणेला, ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. त्यांतले बरेच पुढे दक्षिण अमेरिकेला गेले.

त्याआधी १९५०च्या अखेरीपासून कर्नल रंगराज यांचं ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स तिथे जखमींवर उपचार करत होतं. सोलच्या युद्ध स्मारकात आपला झेंडा आहे तो त्यांच्यामुळे.

चकली · १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

काका, हे आमच्या कंपनीतल्या लोकांनाही माहीत नाही. उद्या जेवताना सांगतो.

युद्धाचं खाण्यातही उरलंय. चुसोकला (इथला सुगीचा सण, २०२५ला ६ ऑक्टोबरला) कंपनी आम्हाला डब्यातल्या मांसाची, म्हणजे 'स्पॅम'ची पेटी देते, रिबिन बांधून. पहिल्यांदा मी बुचकळ्यात पडलो. युद्धानंतर अमेरिकी तळांमधून बाहेर पडलेले हे डबे आणि सॉसेज घालून लोकांनी तिखट रस्सा केला, तो बुदे-जिगे, "छावणीचा रस्सा". तेव्हापासून तो डबा चैनीची वस्तू झाला. शाकाहारी असाल तर पेटी शेजाऱ्याला द्या, जन्मभराचा दोस्त मिळेल.

पायवाट · १४ सप्टेंबर, दुपारी ४:१८

मंडळी, कुणाकुणाचे आभार मानू? सगळा धागा मामांना मोठ्याने वाचून दाखवला. थोरातांचं नाव आलं तसे ते उठून बसले. मामांचे वडील वडगावच्या बाजाराला गूळ घेऊन जायचे, त्यांच्या तोंडून मामांनी हे नाव ऐकलेलं. अर्धा तास तेच चाललं.

पण ते अडकले रानजाई ताईंच्या प्रतिसादावर. दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "त्या बाईने स्वतःच्या खिडकीला काय लावलं?" मला उत्तर देता आलं नाही.

ठरलंय असं: डिसेंबरात मी एकटा जाणार, बायको आणि मुलगी मार्चमध्ये. मामांनी हो म्हटलंय. मुलीच्या बालवाडीचं काय ते सांगाल का?

माई_सुवोन · १४ सप्टेंबर, संध्याकाळी ५:००

फार छान! मार्चच योग्य, इथलं शालेय वर्ष मार्चलाच सुरू होतं. ऑरिनीजिपमध्ये (पाळणाघर-बालवाडी) नाव मात्र तुम्ही पोचल्याबरोबर टाका. मुलीला आधी चॉपस्टिक नाही, चमच्याने तिखट नसलेलं सूप-भात खायची सवय लावा.

आणि एक गंमत. जून २०२३च्या आधी आली असती तर तिचं वय वाढलं असतं. इथे जन्मतःच एक धरायचे आणि १ जानेवारीला सगळ्यांचं एकदम वाढायचं. तुमची लेक डिसेंबरात चार आणि नववर्षाला पाच!

रानजाई · १४ सप्टेंबर, रात्री ११:३०

पायवाट, मामांचा प्रश्न मी आज हालमोनीला विचारला. तिच्याकडे तशी रजई एकच होती. तिच्या खिडकीला काही नव्हतं.

तुमची मुलगी मार्चमध्ये येणार हेही सांगितलं. तिने आधी वय विचारलं, मग तिखट खाते का विचारलं. मी म्हटलं, कोल्हापूरची आहे, खाईल. येताना हिंग आणि थोडा गूळ आणा, इथे चांगला मिळत नाही. आपला कुकर चालतो. विजेला २२० व्होल्ट आहेत, पिना गोल लागतात.